१८१८ सालचा आणा आणि तांदूळ ओढणारी नाणी

ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि राम, सीता, लक्ष्मण, हनुमान यांची चित्रे असलेले तांब्याचे किंवा पितळेचे एक 'नाणे' आपल्याकडे अनेक घरांत जपून ठेवलेले आढळते. कुणाच्या देवघरात असते, कुणाच्या कपाटात फडक्यात बांधलेले असते. त्याची किंमत कोणी लाखात सांगतो, कोणी कोटीत. विज्ञानाशी संबंध असलेल्या माणसाला अशा वेळी हमखास दोन प्रश्न विचारले जातात: हे खरे आहे का आणि याचे किती येतील? घाई बहुधा दुसऱ्या प्रश्नाचीच असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र इतिहास, अंकगणित आणि पदार्थविज्ञान हे तिन्ही विषय हाताशी घ्यावे लागतात. म्हणूनच शिक्षकांसाठी हा विषय मांडावासा वाटला.

आधी १८१८ सालाकडे पाहू. त्या वर्षी पेशवाई संपली हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्या वर्षी लोकांच्या हातात नाणी कोणती होती? कंपनीचा कारभार तेव्हा मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन इलाख्यांत वाटलेला होता आणि प्रत्येक इलाख्याचे चलन निराळे होते. बंगालमध्ये कंपनी चांदीचे रुपये पाडत होती. पण त्यांवर नाव होते बादशहा शाह आलमचे, टांकसाळ लिहिलेली मुर्शिदाबाद आणि साल त्याच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे. रुपया कलकत्त्यात पाडला आणि मध्ये कित्येक वर्षे उलटली, तरी मजकूर तोच. व्यापारी आणि सराफ ज्या नाण्यावर विश्वास ठेवतात त्याचा तोंडवळा बदलू नये, एवढाच हेतू त्यामागे होता. तिथल्या तांब्याच्या पैशावर 'एक पाई सिक्का' अशी अक्षरे बंगाली, फारसी आणि नागरी या तीन लिप्यांत असत. मुंबईच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यावर मारायचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू. पुण्यात तर पेशवाई गेल्यावरही कंपनीने जुना अंकुशी रुपया, फारसी मजकुरासह, आणखी पंधराएक वर्षे चालू ठेवला. खुर्दा म्हणून शिवराई होतीच.

सबंध हिंदुस्थानातल्या कंपनीच्या मुलखासाठी एकच चलन आले ते १८३५ च्या कायद्याने. रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, ठरले. त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. आणि तांब्यात अर्धा आणा, पाव आणा व पै अशी नाणी निघाली. यात 'एक आणा' नाही, हे लक्षात घ्यावे. एक आण्याचे नाणे निघाले ते १९०६ च्या कायद्यानंतर, तेही तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे आणि नागमोडी कडेचे. ज्यांनी ते वापरले असेल असे वृद्ध लोक अजूनही आहेत. तेव्हा 'वन आना, १८१८' असे लिहिलेले तांब्याचे नाणे म्हणजे जी किंमत नाण्याच्या रूपाने त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आली, तिची आगाऊ प्रत झाली.

इथे वर्गात एक सोपे गणित घालता येईल. १८३५ च्या कायद्यातला अर्धा आणा २०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे १३ ग्रॅम तांब्याचा होता. त्या हिशेबाने तांब्याचा एक आणा २६ ग्रॅमचा व्हायला हवा, म्हणजे चांदीच्या दोन रुपयांपेक्षाही जड. घरोघरी सापडणाऱ्या या तुकड्यांचे आकार आणि वजने इतकी वेगवेगळी असतात की कोणत्याच प्रमाणात ती बसत नाहीत. टांकसाळीत वजनाची शिस्त फार कडक असते. सरकारला फसवणूक टाळायची असते आणि सराफ तर प्रत्येक नाणे तोलूनच घेतो. सारख्या किमतीच्या नाण्यांची वजने वेगळी निघाली, तर ती नाणी टांकसाळीतून आलेली नाहीत हे ओळखायला पुराणवस्तुतज्ज्ञ लागत नाही.

याच जातीच्या तुकड्यांवर १६१६ आणि १७१७ अशीही साले असतात. १६१६ मध्ये सर टॉमस रो हा इंग्रजांचा वकील जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलतींसाठी ताटकळत होता. ज्यांना वखारीची परवानगी मागावी लागत होती ते बादशहाच्या मुलखात स्वतःच्या नावाचा आणा पाडत होते, असे मानायचे का? १७१७ ची गोष्ट तर अधिक गमतीची आहे. कंपनीला मुंबईच्या टांकसाळीत मोगली धर्तीचे रुपये पाडायची मुभा फर्रुखसियर बादशहाने दिली ती नेमकी त्याच वर्षी. ते रुपये अर्थातच बादशहाच्या नावाचे होते. काही तुकड्यांवर 'यूकेएल' अशी इंग्रजी अक्षरेही दिसतात. कंपनीच्या कोणत्याही अधिकृत नाण्यावर ती नाहीत.

मात्र या विषयावर बोलताना एक घाईचा युक्तिवाद नेहमी केला जातो: 'कंपनी ख्रिस्ती लोकांची, ती हिंदू देवांची चित्रे कशाला काढील? म्हणून नाणे खोटे.' निष्कर्ष बरोबर असला तरी ही वाट चुकीची आहे. कंपनीने मद्रासमध्ये देवांच्या मूर्ती असलेले सोन्याचे होन पाडले होते. १८०७-०८ च्या सुमारास तिथे निघालेल्या चांदीच्या अर्ध्या आणि पाव पगोड्यांवर एका बाजूला देवळाचे गोपूर आणि दुसऱ्या बाजूला विष्णू आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे अकबराने कारकिर्दीच्या अखेरीस, इलाही सन ५० मध्ये, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, धनुष्यधारी राम आणि सीता यांचे चित्र असलेली नाणी काढली. ती सोन्याच्या अर्ध्या मोहरेच्या आणि चांदीच्या अर्ध्या रुपयाच्या रूपात आहेत आणि त्यांच्यावर नागरीत 'राम सिया' अशी अक्षरे आहेत. जगभरात मिळून ती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत. चित्र पाहून नाणे खोटे ठरवता येत नाही आणि खरेही. पाहायची असते ती किंमत, लिपी, साल, वजन आणि घडण यांची एकमेकांशी संगती.

मग हे तुकडे आहेत तरी काय? तीर्थक्षेत्री आणि यात्रेत विकली जाणारी पूजेची पदके. अशा पदकांची परंपरा जुनी आहे. चांदीचे रामटंके पिढ्यान्‌पिढ्या पूजेत ठेवले जात आले आहेत. भाविकाने ते देव्हाऱ्यात ठेवले तर त्यात फसवणूक नाही. त्यावर कंपनीचे नाव आणि जुने साल टाकून 'प्राचीन नाणे' म्हणून ते विकले गेले की मात्र फसवणूक सुरू होते.

या फसवणुकीची पुढची पायरी म्हणजे 'राइस पुलर'. हे नाणे तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढते, त्यात इरिडियम नावाचा धातू आहे, परदेशी अंतराळ संस्था त्याला कोट्यवधी रुपये देते, असे सांगून लोकांकडून 'तपासणी शुल्क' आणि 'आगाऊ रक्कम' घेतली जाते. देशाच्या अनेक राज्यांत पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. फसणाऱ्यांत शेतकरी असतात तसे व्यापारी आणि चांगले शिकलेले लोकही असतात. जमीन विकून पैसे भरलेल्यांच्या हकीकती वाचल्या की विज्ञानशिक्षणाचे आपण काय केले, असा प्रश्न पडतो.

हा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि थोडे पाणी. चुंबक त्याला ओढत नाही. अतिशय प्रबळ चुंबकाने तर तो किंचित दूरच ढकलला जाईल. हलके कण विद्युतभाराने ओढले जातात हे खरे. केसांवर घासलेला प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे उचलतो हे मुलांना माहीत असते. पण हातात धरलेल्या धातूवर भार टिकत नाही, तो आपल्या शरीरातून निघून जातो. मग प्रात्यक्षिकात दाणे सरकताना दिसतात ते कसे? दाण्यांना लोखंडाचा बारीक कीस लावलेला असतो आणि 'नाण्या'च्या आत किंवा खाली चुंबक दडवलेला असतो. म्हणून घरचा, डब्यातला तांदूळ घेऊन प्रयोग करा असा आग्रह धरावा. बहुतेक प्रात्यक्षिके तिथेच संपतात.

इरिडियमबद्दलही दोन शब्द. हे मूलद्रव्य स्मिथसन टेनंट याने लंडनमध्ये शोधले १८०३ साली. १६१६ सालच्या 'नाण्यात' ते कोणी घातले असेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांवर सोडून द्यावा. ते वितळते २४४६ अंश सेल्सियसला आणि तांबे १०८५ अंशांना. त्याची घनता २२.५६ आहे, तांब्याची ८.९६. म्हणजे तांब्याचा २६ ग्रॅमचा तुकडा जेवढी जागा व्यापतो तेवढ्या जागेत इरिडियम असते, तर वजन सुमारे ६५ ग्रॅम भरले असते.

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळू. जुने ते महाग, ही सर्वांत पसरलेली समजूत आहे. ती खरी असती तर राजराज चोळाची तांब्याची नाणी कोणालाच परवडली नसती. ती हजार वर्षांची आहेत. पण पाडली गेली विपुल आणि टिकलीही विपुल, म्हणून हौशी विद्यार्थीसुद्धा खाऊच्या पैशातून एखादे घेऊ शकतो. आपल्या शिवराईचेही तसेच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. होन आज अत्यंत दुर्मीळ आहे. शिवराई मात्र पुढे पेशवाईअखेरपर्यंत अनेक टांकसाळींत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीच अक्षरे घेऊन पाडली जात राहिली. बाजारात सापडणाऱ्या बहुतेक शिवराया या नंतरच्या काळातल्या आहेत आणि माफक किमतीला मिळतात. प्रत्येक शिवराई महाराजांच्या हातची मानणे भावनेला धरून आहे, पण इतिहासाला धरून नाही.

नाण्यावरचे साल हे ते पाडल्याचेच साल असते, हीदेखील अशीच एक समजूत. 'व्हिक्टोरिया क्वीन' असे लिहिलेले कंपनीचे १८४० सालचे रुपये पुढे वीसएक वर्षे त्याच सालाने पाडले गेले. राणीच्या सरकारचा १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत तेच साल मिरवत राहिला. साहजिकच १८४० आणि १८६२ चे रुपये उदंड आहेत. वाड्याच्या भिंतीत असा रुपया सापडला की 'पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा' म्हणून बातमी होते. सराफ मात्र त्याला चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत देतो.

याउलट, तुलनेने अलीकडचा १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे. तो महायुद्धाच्या तोंडावरचा आणि पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली. फार थोडे नग शिल्लक राहिले. किंमत ठरते ती किती पाडली यावर नव्हे, तर किती उरली आणि किती जणांना हवी आहेत यावर. याचे आणखी चांगले उदाहरण समुद्राच्या तळाशी सापडले. कंपनीने मद्राससाठी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतलेली १८०८ सालची १० आणि २० कॅशची तांब्याची नाणी घेऊन 'ॲडमिरल गार्डनर' हे जहाज निघाले आणि १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडाले. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यातून लाखो नाणी वर काढली. कधीच न वापरलेली, कंपनीच्या मानचिन्हावरचे सिंह स्पष्ट दिसणारी ही दोनशे वर्षांपूर्वीची नाणी आज स्वस्त आहेत, कारण अपघाताने ती एकगठ्ठा वाचली.

अफवेनेही नाण्याचे नशीब बदलते. १९११ सालच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील मानचिन्हाच्या साखळीत एक छोटा हत्ती होता. सोंड आखूड आणि पाय बुटके असल्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावल्या. सरकारने नाणे मागे घेतले, उरलेले बरेचसे वितळवले आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीला नीट सोंड दिली. १९११ चा रुपया म्हणूनच त्याच्या धाकट्या भावापेक्षा संग्राहकांना अधिक प्रिय आहे.

चांदीचा रुपया खरा की नाही हे पाहण्याचा एक प्रयोग शाळेत सहज करता येतो. १८३५ ते १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी आहे, म्हणजे ११.६६ ग्रॅममध्ये १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. अशा मिश्रधातूची घनता सुमारे १०.३ येते. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा सराफी काटा घ्यावा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. रुपया दोऱ्याने बांधून तळाला न टेकता पूर्ण बुडेल असा पाण्यात धरावा. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर त्याचे आकारमान. नाण्याचे वजन त्या आकड्याने भागले की घनता मिळाली. न झिजलेल्या चांगल्या रुपयासाठी काटा सुमारे १.१३ दाखवील, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयासाठी १.२२, आणि तेवढ्याच वजनाच्या पितळी नकलेसाठी १.३७ च्या आसपास. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नयेत, सगळी चूक तिथेच होते. १९४७ चा रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबकच पुरे.

पण या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. घनता जुळली नाही तर नाणे नक्की खोटे. जुळली तर फक्त धातूविषयी शंका कमी झाली. चांगल्या चांदीत ओतलेला १९३९ चा नकली रुपया ही परीक्षा आरामात पास होईल. तिथे भिंगाखाली अक्षरांच्या कडा, ठशाची खोली आणि कडेचे दाते पाहावे लागतात आणि त्याला अनुभव लागतो.

नव्या नाण्यांभोवतीच्या कथा थोडक्यात आटोपतो. १९६८ ते ७१ या काळातल्या वीस पैशांच्या पिवळ्या नाण्यात सोने होते, असे आजही सांगितले जाते. तो पिवळेपणा तांब्याच्या मिश्रधातूचा आहे, सोन्याचा कणही त्यात नाही. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची २०१२ सालची नाणी लाखो रुपयांना जातात, ही दुसरी कथा. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली ही नाणी नेहमीच्या चलनातच आली होती. जुनी नाणी आणि नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, दलाली किंवा कर मागणारे लोक इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर सूचना काढावी लागली. आपण असा व्यवहार करत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने त्यात स्पष्ट केले.

एक चूक मात्र भाबडेपणाने, कुणी न फसवताही होते. सापडलेले नाणे चिंच, लिंबू किंवा राख लावून लख्ख घासले जाते. तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर म्हणजे शेकडो वर्षांत हवा, ओल आणि कर्बवायूशी झालेल्या रासायनिक क्रियांनी तयार झालेले कवच असते. आम्लाने ते निघते आणि त्याबरोबर अक्षरांच्या उंचवट्यांवरचा धातूही जातो. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत एकदम उतरते. पृष्ठभागावर फिकट हिरवी, सहज झडणारी भुकटी दिसली तर ते क्लोराइडमुळे लागलेले खरे दुखणे असते. त्यावरचा उपचार संग्रहालयातल्या जाणकाराकडूनच करून घ्यावा.

सगळ्यांत मोठे नुकसान होते ते साठा फुटल्याने. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. एकेक नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे. सोनाराच्या मुशीत गेले असते तर पंचवीस-तीस किलो चांदी झाली असती आणि विषय संपला असता. पण ती नाणी एकत्र पाहिली गेली. तेव्हा दिसले की त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे खाली, वर सातवाहनांचे टेकडीचे आणि उज्जैनचे चिन्ह. नाशिकच्या लेण्यातला लेख गौतमीपुत्राने क्षहरातांचे उच्चाटन केल्याचे सांगतो. ज्याचा पराभव झाला तो नहपानच, हे या साठ्याने दाखवले. शिवाय त्या मुखवट्यांत कुठे तरुण, कुठे सुरकुतलेला असा इतका फरक आहे की ते सगळे एकाच माणसाचे का, यावर वाद झाला. एखाददुसरे नाणे हाती आले असते तर तो वाद सुरूच झाला नसता.

शेतात किंवा पायाच्या खोदाईत असा साठा सापडला तर काय करायचे, हे १८७८ च्या निखात निधी कायद्यात सांगितले आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत दडलेली सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. चौकशीअंती सापडणाऱ्यालाही त्यात हक्क मिळू शकतो. लपवल्यास मात्र तो हक्क जातो आणि शिक्षाही होते. कळवण्याआधी नाणी धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत. ती ज्या मडक्यात होती त्याची खापरेही ठेवावीत आणि किती खोल, कशाच्या शेजारी सापडली ते लिहून ठेवावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. सहलीचा एक दिवस तिथे घालवला तर १८३५ चा खरा अर्धा आणा मुलांना डोळ्यांनी पाहता येईल.